बालकांमधील अल्परक्तशर्करा

बालकांमधील अल्परक्तशर्करा म्हणजे बालकाच्या रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण मेंदूची गरज भागू शकणार नाही इतके खाली जाण्याची अवस्था होय. वैद्यकीय व्यवहारात तिला हायपोग्लायसेमिया म्हणतात; बोलीभाषेत 'साखर उतरणे' किंवा 'शुगर कमी होणे' असे शब्दप्रयोग रूढ आहेत. हा स्वतंत्र रोग नसून अनेक वेगवेगळ्या विकारांमुळे उद्भवणारी अवस्था आहे. त्यामुळे साखर भरून काढणे आणि ती का उतरली हे शोधणे अशी दोन कामे जवळजवळ एकाच वेळी करावी लागतात. पहिले काम काही मिनिटांत व्हावे लागते. दुसऱ्या कामासाठी लागणारा पुरावाही त्याच काही मिनिटांत उपलब्ध असतो आणि साखर वर आल्यावर नाहीसा होतो. या विषयातील बहुतेक अडचणी यातूनच निर्माण होतात.

शरीरक्रिया

मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज आहे आणि त्याचा साठा मेंदूत नगण्य असतो. नवजात अर्भकाच्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे १० टक्के असते. प्रौढात ते सुमारे २ टक्के असते. त्यामुळे वजनाच्या मानाने बालकाला अधिक ग्लुकोज लागते. नवजात अर्भकाचे यकृत दर किलोग्रॅम वजनामागे मिनिटाला साधारण ४ ते ६ मिलिग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडते. प्रौढात हे प्रमाण सुमारे २ मिलिग्रॅम असते. मागणी मोठी आणि यकृतातील ग्लायकोजेनचा साठा लहान, म्हणून मूल जितके लहान तितका उपवास त्याला कमी काळ झेपतो.

जेवणानंतर काही तास आतड्यातून आलेले ग्लुकोज पुरते. त्यानंतर यकृत ग्लायकोजेनचे विघटन करते. तो साठा संपू लागला की स्नायूंतील ॲमिनो आम्ले, लॅक्टेट आणि ग्लिसरॉल यांपासून नवे ग्लुकोज तयार होते. त्याच सुमारास चरबीतून सुटलेल्या मेदाम्लांपासून यकृतात कीटोन घटक तयार होतात आणि मेंदू ते पर्यायी इंधन म्हणून वापरतो. इन्शुलिन हे संप्रेरक या सर्व क्रिया रोखते. ग्लुकागॉन, ॲड्रेनालिन, कॉर्टिसॉल आणि वाढ संप्रेरक त्यांना चालना देतात. या साखळीची कोणती कडी तुटली आहे यावरून अल्परक्तशर्करेचे प्रकार ठरतात.

मर्यादा किती?

सर्व बालकांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. मधुमेही बालकांत ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर (३.९ मिलिमोल प्रति लिटर) ही सावध होण्याची पातळी मानतात आणि ५४ मिलिग्रॅमच्या (३.० मिलिमोल) खालील पातळी गंभीर समजतात. तीव्र कुपोषित बालकात जागतिक आरोग्य संघटनेने ५४ मिलिग्रॅमपेक्षा कमी हीच उपचाराची मर्यादा ठरवली आहे. एरवी निरोगी असलेले मोठे मूल रात्रभराच्या उपवासानंतर ६० च्या आसपास असले आणि त्याला काहीही त्रास होत नसला, तर केवळ त्या आकड्यावरून रोगनिदान करीत नाहीत.

अमेरिकन शल्यचिकित्सक ॲलन व्हिपल यांनी १९३८ मध्ये तीन निकष एकत्र मांडले: साखर उतरल्याची लक्षणे असणे, त्याच वेळी मोजलेली साखर कमी असणे आणि साखर वर आणल्यावर लक्षणे जाणे. 'व्हिपल त्रयी' या नावाने ओळखले जाणारे हे निकष आपला त्रास सांगू शकणाऱ्या मुलांसाठी आजही आधारभूत आहेत. अर्भकांना ते लागू करता येत नाहीत, कारण अर्भक आपले लक्षण सांगू शकत नाही आणि जे दिसते ते जंतुसंसर्गातही तसेच दिसते.

नवजात अर्भकाबाबतचा वाद अधिक जुना आहे. नाळ कापल्यावर आईकडून येणारे ग्लुकोज थांबते आणि पहिल्या एक-दोन तासांत निरोगी बाळाचीही साखर ३० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकते. पुढे ती आपोआप वर येते. या स्वाभाविक उतारातून विकृत उतार वेगळा कसा काढावा, यावर तज्ज्ञसंस्थांचे एकमत नाही. अमेरिकन बालरोग अकादमीने २०११ मध्ये पहिल्या २४ तासांसाठी तासांनुसार बदलणाऱ्या, तुलनेने खालच्या पातळ्या सुचवल्या. बाल-अंतःस्रावतज्ज्ञांच्या अमेरिकेतील संस्थेने २०१५ मध्ये पहिल्या ४८ तासांत ५० च्या वर आणि त्यानंतर ६० च्या वर साखर राखावी असे म्हटले. पहिली संस्था पहिल्या दिवसातील निरोगी बाळांना अनावश्यक उपचारांपासून वाचवू पाहते. दुसरी, कायमचा विकार असलेले बाळ निदान न होता घरी जाऊ नये याची काळजी घेते. दोन्ही काळज्या रास्त असल्याने हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत यात आश्चर्य नाही.

लक्षणे

साखर उतरू लागताच शरीर ॲड्रेनालिन सोडते. त्यामुळे घाम, थरथर, छातीत धडधड, फिकटपणा, अस्वस्थता आणि भूक ही लक्षणे प्रथम दिसतात. मेंदूला इंधन कमी पडू लागले की डोकेदुखी, चिडचिड, विचित्र वागणे, अंधुक दिसणे, बोलण्यात गोंधळ, झापड, आकडी आणि अखेरीस बेशुद्धी असा क्रम येतो. लहान मूल एकाएकी हट्टी किंवा रडवे होते आणि पालकांना तो स्वभावाचा भाग वाटतो. शाळकरी मुलाचे अकरा-बाराच्या सुमारास वर्गात लक्ष न लागणे हेही मधुमेही मुलाच्या बाबतीत साखर उतरल्याचे चिन्ह असू शकते.

अर्भकात अंग सैल पडणे, दूध न ओढणे, क्षीण किंवा चिरके रडणे, अंग थंड पडणे, निळसरपणा, श्वास मध्येच थांबणे आणि झटके येणे ही लक्षणे आढळतात. अनेकदा एकही लक्षण नसते. म्हणून धोका असलेल्या बाळांची साखर लक्षणांची वाट न पाहता तपासतात.

कारणे

नवजात काळात बहुतेक वेळा कारण तात्पुरते असते. आईला मधुमेह असल्यास बाळाला गर्भात अधिक ग्लुकोज मिळते, त्याचे स्वादुपिंड जास्त इन्शुलिन तयार करू लागते आणि जन्मानंतरही ते काही काळ तसेच चालू राहते. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाकडे साठाच नसतो. जन्मताना गुदमरलेले, जंतुसंसर्ग झालेले वा अंग थंड पडलेले बाळ असलेला साठा भराभर संपवते. जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू करणे आणि बाळाला आईच्या अंगाशी उबेत ठेवणे हा यावरील पहिला उपाय आहे. काही कुटुंबांत पहिला चीक काढून टाकतात आणि बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवतात. त्यामुळे पहिले स्तनपान लांबते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊच नये.

साखर वारंवार उतरत राहिली तर जन्मजात अतिइन्शुलिनता या विकाराचा विचार करावा लागतो. अर्भकावस्थेतील चिवट अल्परक्तशर्करेचे हे सर्वांत प्रमुख कारण आहे. त्यात ABCC8 आणि KCNJ11 या नावांनी नोंदलेल्या जनुकांतील दोष सर्वाधिक आढळतात. इन्शुलिन कीटोननिर्मितीही रोखते. त्यामुळे मेंदूला ग्लुकोजही मिळत नाही आणि पर्यायी इंधनही मिळत नाही. मेंदूला इजा होण्याचा धोका या विकारात विशेष मोठा असतो तो याच कारणामुळे.

साधारण दीड ते पाच वर्षे वयाच्या मुलांत आढळणारा कीटोनयुक्त प्रकार तुलनेने सौम्य आहे. बारीक चणीचे मूल तापामुळे वा उलट्यांमुळे रात्री न जेवता झोपते आणि सकाळी मलूल, उलट्या करणारे किंवा आकडी आलेल्या अवस्थेत सापडते. अन्य कारणे वगळल्यानंतरच हे निदान करतात. बहुतेक मुलांत सात-आठ वर्षांच्या सुमारास हा त्रास थांबतो.

यकृताचे ग्लायकोजेन-साठवण विकार, मेदाम्लांचे विघटन न होण्याचे विकार, पीयूषिका किंवा अधिवृक्क ग्रंथींची न्यूनता आणि यकृताचा तीव्र दाह ही आणखी काही कारणे होत. यांखेरीज एक घरगुती कारण नेहमी विचारावे लागते, ते म्हणजे आजी-आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या. ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइडसारख्या सल्फोनिलयुरिया वर्गातील एकच गोळी लहान मुलाने गिळली तरी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तो परिणाम कित्येक तास उशिराही दिसतो. म्हणून मूल ठीक दिसत असले तरी त्याला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवतात. रक्तवाहिन्यांच्या गाठींसाठी दिल्या जाणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलमुळेही उपाशी बाळाची साखर उतरू शकते.

निदान

बोटातून किंवा टाचेतून घेतलेल्या थेंबाची ग्लुकोमीटरवरील चाचणी हे पहिले पाऊल आहे. बेशुद्ध, आकडी आलेल्या किंवा असाधारण सुस्त दिसणाऱ्या प्रत्येक मुलाची साखर प्रथम तपासावी, असा नियम आपत्कालीन बालरोगचिकित्सेत सर्वत्र शिकवला जातो. मात्र ग्लुकोमीटर हे उच्च साखरेचे निरीक्षण करण्यासाठी बनवलेले यंत्र आहे. खालच्या पातळ्यांवर त्याची चूक मोठी असते. त्याने दाखवलेली कमी साखर प्रयोगशाळेत पडताळून घेतात, पण तो निकाल येईपर्यंत उपचार थांबवत नाहीत. प्रयोगशाळेतही एक अडचण येते. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातील पेशी ग्लुकोज वापरत राहतात आणि सामान्य तापमानात दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर घटते. दुपारपर्यंत तसाच पडून राहिलेला नमुना निरोगी मुलालाही आजारी ठरवू शकतो. म्हणून फ्लोराइडयुक्त नळी वापरून नमुना लगेच पाठवतात.

कारण शोधण्यासाठी 'निर्णायक नमुना' घ्यावा लागतो. साखर ५० मिलिग्रॅमच्या खाली असताना आणि ग्लुकोज देण्यापूर्वी घेतलेल्या रक्तात ग्लुकोज, इन्शुलिन, सी-पेप्टाइड, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, मुक्त मेदाम्ले, लॅक्टेट, कॉर्टिसॉल, वाढ संप्रेरक, अमोनिया आणि ॲसिलकार्निटीन यांचे मापन करतात. त्यानंतरची पहिली लघवी कीटोनसाठी तपासतात. शीर सापडत नसल्यास उपचार अडवून ठेवत नाहीत. पण शीर मिळालीच असेल, तर ग्लुकोज सोडण्यापूर्वी काढलेले तीन-चार मिलिलिटर रक्त पुढचे कित्येक महिने वाचवते. ही संधी हुकल्यास रुग्णालयात शिरेत सुई बसवून, देखरेखीखाली मुद्दाम उपवास घडवून तीच अवस्था पुन्हा निर्माण करावी लागते. अशी चाचणी घरी करून पाहणे धोक्याचे आहे.

नमुन्याचे वाचन पुष्कळसे तर्काचे असते. कीटोन भरपूर असतील तर इन्शुलिन दोषी नाही. संप्रेरकांची न्यूनता, ग्लायकोजेन-विकार किंवा साधा कीटोनयुक्त प्रकार यांचा विचार करतात. कीटोन कमी आणि मुक्त मेदाम्लेही कमी असतील तर इन्शुलिन जास्त आहे. कीटोन कमी पण मुक्त मेदाम्ले जास्त असतील तर मेदाम्लांच्या विघटनातच दोष आहे. येथे इन्शुलिनचा आकडा फसवा ठरू शकतो. प्रयोगशाळेच्या अहवालात तो 'सामान्य मर्यादेत' छापलेला असतो, पण ती मर्यादा सामान्य साखरेसाठी असते. साखर ५० च्या खाली असताना रक्तात इन्शुलिन जवळपास नसावे. मोजण्याइतके आढळले तर तेच विकृतीचे लक्षण होय. साखर टिकवण्यासाठी मिनिटाला दर किलोग्रॅममागे ८ मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुकोज द्यावे लागणे आणि ग्लुकागॉन दिल्यावर साखर ३० मिलिग्रॅमहून अधिक वाढणे या गोष्टीही अतिइन्शुलिनतेकडेच बोट दाखवतात.

शारीरिक तपासणीतही धागे मिळतात. मोठे यकृत ग्लायकोजेन-विकार सुचवते, लहान शिश्न किंवा दुभंगलेली टाळू पीयूषिकेचा दोष सुचवते आणि त्वचेचा काळपटपणा अधिवृक्क ग्रंथींची न्यूनता सुचवतो.

तातडीचे उपचार

मूल शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर झटपट शोषली जाणारी साखर तोंडाने देतात. मधुमेही मुलांसाठी हे प्रमाण दर किलोग्रॅममागे ०.३ ग्रॅम ग्लुकोज असे सांगितले जाते; म्हणजे २० किलोच्या मुलाला सुमारे ६ ग्रॅम आणि ५० किलोच्या मुलाला १५ ग्रॅम. ग्लुकोज पावडर उत्तम. ती नसल्यास पाण्यात विरघळवलेली साखर चालते. एका सपाट चहाच्या चमच्यात साधारण ४ ते ५ ग्रॅम साखर असते. पेढा, बर्फी, चॉकलेट गोड असले तरी त्यांतील स्निग्धांशामुळे साखर सावकाश शोषली जाते, म्हणून ते पहिला उपाय म्हणून देत नाहीत. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासून साखर कमीच असल्यास तीच मात्रा पुन्हा देतात आणि नंतर पोळी, भात किंवा बिस्कीट यांसारखे काही खाऊ घालतात.

बेशुद्ध किंवा आकडी आलेल्या मुलाच्या तोंडात पाणी, सरबत वा अन्न घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मुलाला कुशीवर वळवावे. आकडी आली की कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची पद्धत अजून पाहायला मिळते. तिच्याने साखर वाढत नाही, वेळ मात्र जातो. मधुमेही मुलाच्या घरी ग्लुकागॉन असेल तर २५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला अर्धा मिलिग्रॅम आणि त्याहून जास्त वजनाच्या मुलाला १ मिलिग्रॅम हे प्रमाण असते. नाकात फवारण्याच्या ३ मिलिग्रॅमच्या ग्लुकागॉनला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. मात्र यकृतात ग्लायकोजेन शिल्लक असेल तरच हे औषध काम करते. उपासमार झालेल्या किंवा ग्लायकोजेन-विकार असलेल्या मुलात त्याचा भरवसा नसतो. शिरेतून औषध देण्याची सोय नसेल किंवा तिला उशीर होत असेल, तर थेंबभर पाण्याने ओली केलेली चमचाभर साखर जिभेखाली ठेवावी व दर १० ते २० मिनिटांनी ती पुन्हा ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या बालरुग्णसेवेच्या पुस्तिकेत सुचवले आहे. दुर्गम भागासाठी हा उपाय फार मोलाचा आहे.

रुग्णालयात १० टक्के डेक्स्ट्रोज दर किलोग्रॅममागे २ मिलिलिटर शिरेवाटे देतात. कुपोषण व तीव्र आजारांसाठीच्या काही मार्गदर्शिकांत हे प्रमाण ५ मिलिलिटर आहे. त्यानंतर मिनिटाला दर किलोग्रॅममागे ६ ते ८ मिलिग्रॅम या गतीने ग्लुकोज चालू ठेवतात. एकदाच मोठी मात्रा देऊन थांबल्यास इन्शुलिन उसळते आणि साखर पुन्हा कोसळते. २५ किंवा ५० टक्क्यांचे तीव्र द्रावण लहान मुलाच्या शिरेला इजा करते.

लक्षणे नसलेल्या नवजात बाळासाठी गालाच्या आतील बाजूला चोळायची ४० टक्के डेक्स्ट्रोजची जेल हा अलीकडचा उपाय आहे. न्यूझीलंडमधील 'शुगर बेबीज' या चाचणीत (निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध) जेल मिळालेल्या बाळांत उपचार अपयशी ठरण्याचे प्रमाण १४ टक्के, तर औषधविरहित जेल मिळालेल्यांत २४ टक्के होते. यामुळे अनेक बाळे आईपासून दूर, अतिदक्षता विभागात न जाता आईजवळच राहू शकतात.

कारणानुसार दीर्घकालीन उपचार

अतिइन्शुलिनतेत प्रथम डायझॉक्साइड आणि ते लागू न पडल्यास ऑक्ट्रिओटाइड देतात. काही बाळांत दोष स्वादुपिंडाच्या एका छोट्या भागापुरता असतो. किरणोत्सारी फ्लुओरिनयुक्त डोपा वापरून केलेल्या पेट स्कॅनमध्ये तो सापडतो आणि तेवढाच भाग काढल्यास मूल पूर्ण बरे होऊ शकते. दोष सर्वत्र पसरलेला असेल तर बहुतेक स्वादुपिंड काढावे लागते आणि पुढे मधुमेह होण्याची शक्यता राहते.

पहिल्या प्रकारच्या ग्लायकोजेन-विकारात न शिजवलेला मक्याचा स्टार्च, बाजारात कॉर्नफ्लॉवर म्हणून मिळणारी पांढरी पूड, थंड पाण्यात कालवून ठरावीक तासांनी, रात्रीही, देतात. तो आतड्यात हळूहळू पचत ग्लुकोज सोडत राहतो. १९८४ पासून रूढ झालेल्या या साध्या उपायाने रात्रभर नळीवाटे अन्न देण्याची गरज बरीच कमी केली. पीठ शिजवले तर हा गुण जातो, हे घरच्यांना आवर्जून सांगावे लागते. संप्रेरकांच्या न्यूनतेत ती संप्रेरके देतात. मेदाम्लविकार आणि कीटोनयुक्त प्रकार यांत उपवास टाळणे हाच मुख्य उपचार आहे. झोपण्यापूर्वी काहीतरी खाणे आणि आजारपणात ग्लुकोजयुक्त पेय देणे यावर भर असतो.

तीव्र कुपोषित बालकात साखर उतरणे आणि अंग थंड पडणे बहुधा जोडीने येतात आणि दोन्ही गंभीर जंतुसंसर्गाची खूण असू शकतात. अशा मुलाला ५० मिलिलिटर १० टक्के ग्लुकोज किंवा साखरेचे पाणी देऊन नंतर दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, आहार देतात. मेळघाटासारख्या भागांसाठी चालणाऱ्या पोषण पुनर्वसन केंद्रांतील उपचारांचा हाच पाया आहे. त्यात रात्रीचे आहार पाळणे सर्वांत अवघड जाते.

मुझफ्फरपूरची साथ

बिहारमधील मुझफ्फरपूर जिल्ह्यात १९९५ पासून दर उन्हाळ्यात मुलांना आकडी येऊन बेशुद्धी व मृत्यू ओढवणाऱ्या आजाराची नोंद होत होती. स्थानिक लोक त्याला 'चमकी बुखार' म्हणतात. मूल रात्री बरे असे आणि पहाटे त्याला झटके येत. जपानी मेंदूज्वर, उष्माघात, कीटकनाशके अशी अनेक कारणे सुचवली गेली. साथ लिचीच्या हंगामाबरोबर येई आणि संपे. टी. जेकब जॉन व मुकुल दास यांनी हा विषाणूजन्य मेंदूदाह नसून साखर उतरवणारा विकार असावा, असे मत मांडले.

भारताचे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्र यांनी २०१४ मध्ये केलेल्या संयुक्त तपासणीचा अहवाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला. त्या हंगामात दोन रुग्णालयांत दाखल झालेल्या ३९० मुलांपैकी १२२ दगावली होती. साखर मोजलेल्या ३२७ मुलांपैकी २०४ जणांची पातळी ७० किंवा त्याहून कमी होती. लिची खाणे आणि रात्रीचे जेवण न होणे या दोन्ही गोष्टी आजाराशी निगडित आढळल्या. लिचीत हायपोग्लायसिन-ए आणि मेथिलीनसायक्लोप्रोपिलग्लायसीन ही द्रव्ये असतात. ती मेदाम्लांचे विघटन आणि त्याबरोबर नवे ग्लुकोज बनण्याची क्रिया रोखतात. तपासलेल्या ७३ रुग्णांपैकी ४८ जणांच्या लघवीत या द्रव्यांचे अवशेष सापडले. जमैकात कच्च्या आकी फळामुळे होणारा 'वांतिरोग' याच द्रव्याशी संबंधित आहे.

पोटभर जेवलेल्या मुलांना तीच फळे बाधत नाहीत. दिवसभर बागेत पडलेली फळे खाऊन रात्री न जेवता झोपणाऱ्या, मुळात कुपोषित मुलाच्या यकृतात ग्लायकोजेन उरलेले नसते आणि पर्यायी मार्ग विषद्रव्याने बंद झालेला असतो. म्हणून केवळ फळाला दोष देणे अपुरे ठरते. मुलांना रात्री जेवू घालावे, लिची मर्यादित द्यावी आणि अशा रुग्णाला येताक्षणी ग्लुकोज द्यावे, अशा शिफारशी करण्यात आल्या. २०१३ मध्ये दाखल मुलांपैकी ४४ टक्के मृत्यू पावली होती. २०१४ मध्ये हे प्रमाण ३१ टक्के होते. त्यानंतरच्या वर्षांत रुग्णसंख्या घटली, परंतु २०१९ च्या उन्हाळ्यात बिहारमध्ये पुन्हा शंभराहून अधिक मुलांचा बळी गेला.

परिणाम

थोड्या वेळाची, लगेच दुरुस्त झालेली अल्परक्तशर्करा सहसा मागे काही ठेवत नाही. दीर्घकाळ टिकलेली किंवा झटके आणणारी अवस्था मेंदूला इजा करते. नवजात बाळात ही इजा प्रामुख्याने मेंदूच्या मागच्या भागात होते. त्यामुळे दृष्टिदोष, अपस्मार आणि विकासातील विलंब संभवतात. मुंबईतील मेंदूविकारतज्ज्ञांनी २००९ मध्ये 'इंडियन पीडिॲट्रिक्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अर्भकावस्थेत सुरू होणाऱ्या अपस्माराच्या एका गटात नवजात काळातील अल्परक्तशर्करा हे वारंवार आढळणारे कारण असल्याचे दिसले. असे मूल काही महिन्यांनी झटके येऊ लागल्यावर डॉक्टरांकडे येते, तेव्हा जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्याने दूध ओढले होते का आणि त्याची साखर कधी तपासली होती का, हे विचारले जाते. त्याची नोंद बहुधा प्रसूतीच्या कागदांत शोधावी लागते.